विसावं अक्षर

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात १७ लाख १ हजार ६९८ माणसं मोजली गेली. वारासिवनी-कटंगीच्या धानपट्ट्यापासून बैहर-बिरसाच्या सालवनापर्यंत घरोघर फिरून केलेली ही मोजणी. एका निरोगी माणसाची अस्थिमज्जा त्याहून जास्त तांबड्या रक्तपेशी एका सेकंदात तयार करते, सुमारे २४ लाख. पुढच्या सेकंदाला आणखी २४ लाख. रोवणीच्या चिखलात, रात्रीच्या झोपेत, तापात फणफणताना, आयुष्यभर हे काम चालू असतं. एक पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून कोणत्याही क्षणी मोठ्या माणसाच्या अंगात २५ लाख कोटींच्या आसपास तांबड्या पेशी फिरत असतात. एकीला एक लावून त्या ओळीने मांडल्या, तर ती ओळ १ लाख ८५ हजार किलोमीटरच्याही पुढे जाईल. चंद्राच्या वाटेवर जवळपास निम्मं अंतर.

या प्रत्येक पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू असतात. प्राणवायू वाहून नेतात ते हेच. बोट टोचून काढलेल्या एका थेंबात २५ कोटी पेशी धरल्या, तर त्या थेंबातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूंची संख्या सातच्या पुढे सोळा शून्यं देऊन लिहावी लागेल. बालाघाट, मंडला, दिंडोरीच्या गोंड आणि बैगा वस्त्यांत, वैनगंगेच्या खाली गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत असंख्य घरांचं सुखदुःख त्या थेंबातल्या एका गोष्टीवर ठरतं. ते रेणू एकमेकांपासून सुटे राहतात, की प्राणवायू सोडताच एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात? काड्या झाल्या की गोल, लवचीक पेशी ताठ आणि विळ्यासारखी वाकडी होते. सातआठ मायक्रॉन रुंदीच्या निरोगी पेशीला त्याहून अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून निघता येतं. वाकडी पेशी अडकते, मागच्या पेशी तिच्यावर अडकतात, आणि त्या जागी रक्त पोचत नाही. मग हाडं फुटल्यासारखी दुखतात, लहान मुलाचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे होतात, प्लीहा वाढते, ताप उतरत नाही. अशी पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच मोडते. मज्जेने कितीही धावपळ केली तरी भरपाई होत नाही, आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन बहुधा सहा ते नऊच्या दरम्यानच राहतं.

सिकलसेल नावाचं हे दुखणं कशाने होतं? एका अक्षराने.

आई आणि वडील प्रत्येकी तीनशे कोटींहून थोडी जास्त अक्षरं आपल्याला देतात. डीएनएची ही अक्षरं फक्त चार: ए, टी, जी आणि सी. एका पानावर दोन हजार अक्षरं आणि एका पुस्तकात पाचशे पानं धरली, तर एकट्या आईकडून आलेला मजकूर तीन हजार पुस्तकांत मावेल, वडिलांकडून आलेला आणखी तीन हजारांत. सेकंदाला एक अक्षर या वेगाने न थांबता वाचत बसलं, तर एकाच बाजूचा मजकूर संपायला शंभर वर्षं लागतील. त्यात अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक आहे. लांबी सुमारे सोळाशे अक्षरं, म्हणजे त्याच वेगाने वाचलं तर अर्धा तासही पुरेसा. त्यातला प्रत्यक्ष साखळी घडवणारा मजकूर साडेचारशे अक्षरांच्याही आत, आणि त्यातल्या विसाव्या अक्षराला ए च्या जागी टी. बस एवढंच. त्या एका अक्षराने १४६ दुव्यांच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो, ग्लुटामिक ॲसिडच्या ठिकाणी व्हॅलिन येतं, आणि रेणूच्या अंगावर एक चिकट जागा तयार होते.

हे अक्षर सापडायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांचं वर्णन छापलं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत दाखवता आलं, ते वैद्यकाच्या इतिहासात पहिल्यांदाच. १९५६ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी फरक एका दुव्यापर्यंत आणून पोचवला. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये लेमन आणि कटबुश यांना सिकलसेल आढळला. आपल्याकडची नोंद त्यानंतर सहाच वर्षांची: नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातल्या रक्तात हे अक्षर आहे, ही गोष्ट छापून आली त्याला साठपासष्ट वर्षं उलटून गेली. बालाघाट तर १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून केलेला जिल्हा. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती, आणि दुखणं वाढलं की बालाघाटचे लोक आजही गोंदियाची नाहीतर नागपूरची वाट धरतात. सोयरिकीसुद्धा बाघ आणि बावनथडीच्या दोन्ही काठांवर होतात. रक्ताचा नकाशा राज्यांच्या हद्दी पाहून आखलेला नाही.

इतकं घातक अक्षर टिकलं कसं? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून उत्तर दिलं: मलेरियामुळे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे अक्षर मिळालेलं असेल तर माणूस नुसता वाहक असतो, आजारी पडत नाही, आणि फॅल्सिपॅरम मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून त्याचा मोठा बचाव होतो. बैहरच्या रानांनी पिढ्यान्‌पिढ्या हिवताप पाहिलेला आहे. तिथे एक अक्षर बदललेली मुलं वाचली आणि दोन्ही बाजूंनी बदललेली गेली. हे अक्षर जगात पाच ठिकाणी स्वतंत्रपणे उपजलं, असा समज बरीच वर्षं होता. त्यांतलं एक ठिकाण अरबस्तान-भारताचं धरलेलं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या श्राइनर आणि रोटिमी यांनी हजारो माणसांचे जनुकसंच तपासून वेगळाच निष्कर्ष काढला: हे सगळं एकाच मुलापासून सुरू झालं असावं, सुमारे ७३०० वर्षांपूर्वी, २५९ पिढ्यांमागे, आफ्रिकेत. हा अंदाज खरा धरला तर मन थक्क होतं. एका बाळात एका अक्षराची चूक झाली, आणि २०२१ मध्ये जगभरात सिकलसेलसह जगणारी माणसं ७७ लाखांच्या वर होती. त्या एका वर्षात असा आजार घेऊन पाच लाखांहून जास्त मुलं जन्मली. बैहरच्या मुलाच्या रक्तातलं अक्षर आणि नायजेरियातल्या मुलाच्या रक्तातलं अक्षर मग एकाच हस्ताक्षरातलं ठरतं.

आता लग्नाकडे येऊ, कारण सिकलसेलच्या रक्ततपासणीचा खरा उपयोग तिथेच आहे आणि खरी नासधूसही तिथेच होते.

मूल होताना प्रत्येक पालकाच्या २३ गुणसूत्र-जोड्यांतून एकेक गुणसूत्र निवडलं जातं. नुसत्या या निवडीने एका पुरुषाच्या बीजात ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकार होऊ शकतात, तेवढेच बाईच्या बीजात. दोघांचा गुणाकार केला तर एका जोडप्याला सत्तर लाख कोटी वेगवेगळ्या प्रकारची मुलं होऊ शकतात. आजवर पृथ्वीवर जन्मलेल्या सगळ्या माणसांहून कितीतरी पट जास्त. पण विसाव्या अक्षराच्या जागी हा अफाट आकडा एकदम चारवर येतो. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता पूर्ण निरोगी मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक सिकलसेलग्रस्ताची.

चारात एक या आकड्याचा अर्थ घराघरांत चुकीचा लावला जातो. 'पहिला आजारी निघाला, आता पुढचे तीन चांगले,' असं लोक मनापासून मानतात. निसर्ग मागचा हिशोब ठेवत नाही. दुसऱ्या वेळीही चारात एक, तिसऱ्या वेळीही चारात एक. चार मुलं झालेल्या वाहक जोडप्याला निदान एक आजारी मूल असण्याची शक्यता ६८ टक्के, आणि चारही आजारी असण्याची २५६ मध्ये एक. एकही आजारी मूल नसलेली आणि चारही आजारी असलेली, दोन्ही प्रकारची घरं असतात. पहिल्या घराला आपण नशीबवान म्हणतो आणि दुसऱ्याला शापित. दोन्ही घरांत गणित मात्र एकच असतं.

एखाद्या समाजात शंभरात पंधरा वाहक आहेत असं धरू. रक्त न तपासता एक हजार लग्नं झाली, तर ७२२ लग्नांत दोघंही वाहक नसतील. २५५ लग्नांत एक जण वाहक असेल. दोघंही वाहक असतील अशी लग्नं फक्त २२-२३. धोका आहे तो एवढ्याच लग्नांत. त्या २५५ घरांत अर्धी मुलं वाहक होतील, पण जोडीदाराचं रक्त नीट तपासून निरोगी ठरलं असेल तर सिकलसेलचं आजारी मूल एकही होणार नाही. तरीही मोडतात ती हीच लग्नं. कुठूनतरी कळतं की मुलगी वाहक आहे, आणि मुलाकडचे स्वतःच्या मुलाचं बोट न टोचताच पाय मागे घेतात. मला याचा मनापासून संताप येतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे आरोग्यखात्याच्या प्रत्येक फलकावर लिहिलेलं असतं. त्याच्या खाली दुसरं वाक्यही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायला हवं: मुलीचं सिकलसेल-तपासणीचं कार्ड मागण्याआधी मुलाचं दाखवा. लग्न मोडेल या भीतीनेच कित्येक मायबाप मुलीचं कार्ड ट्रंकेच्या तळाशी दडवतात. ते दडवलं गेलं की ज्या २२-२३ जोडप्यांसाठी ही सगळी खटपट चालली आहे, नेमकी तीच निसटतात.

नात्यातल्या लग्नांचं गणित आणखी वेगळं. मध्य प्रदेशातल्या गोंडांमध्ये 'दूध लौटावा' म्हणून मामेभावंडं-आतेभावंडं यांच्यात लग्न करण्याची रीत आहे, आणि मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रालाही नवीन नाही. एकटा आजोबा वाहक असेल, तर त्याच्या मुलामुलीला ते अक्षर मिळण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी, नातवंडांना पाव. दोन्ही नातवंडं वाहक असण्याची शक्यता १६ मध्ये एक. वरच्या समाजात अनोळखी दोघांसाठी ती ४४ मध्ये एक होती. रीत मोडा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की अशा घरात रक्ततपासणी सगळ्यांच्या आधी व्हावी. आणि आदिवासींकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्याकडे पाहावं. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांपैकी ८१ गट फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले, आणि ते फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही जास्त प्रमाणात. त्यांतल्या १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर होती. जातीतल्या जातीत लग्न करत राहणारा मोठा समाजसुद्धा जनुकांच्या हिशोबात छोटं गाव असू शकतो. विदर्भात सिकलसेल अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही भरपूर आहे. तो फक्त आदिवासींचा आजार समजणं ही डोळेझाक आहे.

तपासणी होते कशी? पहिली पायरी सोल्युबिलिटीची. बोटातलं थोडं रक्त द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की सिकल हिमोग्लोबिन आहे. पण वाहक आणि रुग्ण, दोघांचंही द्रावण गढूळच होतं. ते वेगळे करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. वाहकाच्या रक्तात साधारण ३५ ते ४० टक्के सिकल हिमोग्लोबिन निघतं, रुग्णाच्या रक्तात बहुतेक सगळंच. अक्षर थेट वाचणारी डीएनए चाचणी त्यापुढची. ती लागते मुख्यतः गर्भजल किंवा गर्भवेष्टनाच्या तपासणीत, आणि गुंतागुंतीच्या निदानात.

गुंतागुंत कशी, ते एका उदाहरणाने सांगतो, कारण यात संसार मोडू शकतात. मुलाचा रिपोर्ट सिकलसेलग्रस्त म्हणून येतो. आई वाहक निघते. वडिलांची सोल्युबिलिटी मात्र स्वच्छ. घरातले बोटांवर मोजतात: मुलाला दोन्हीकडून अक्षर मिळायला हवं, बापाकडे तर ते नाही, मग हे मूल कुणाचं? आणि सगळ्या नजरा आईकडे वळतात. पण वडील बीटा थॅलेसेमियाचे वाहक असू शकतात. हा त्याच जनुकातला दुसरा दोष. त्यात सिकल हिमोग्लोबिन नसतंच, त्यामुळे सोल्युबिलिटी त्याला ओळखत नाही. एचपीएलसीत वाढलेलं ए-टू हिमोग्लोबिन त्याची खूण दाखवतं. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया मिळालेल्या मुलाचा आजार बराचसा सिकलसेलसारखाच असतो. अपुऱ्या चाचणीवरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा होऊ शकतो, म्हणून रिपोर्ट हातात देणाऱ्या माणसाला हे ठाऊक असलंच पाहिजे, आणि तो रिपोर्ट चार लोकांसमोर वाचून दाखवायचा नसतो. पितृत्वाची डीएनए चाचणी ही संपूर्ण वेगळी गोष्ट. जानेवारी २०१४ मध्ये विदर्भातल्या एका दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवालाला, लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच या कायद्यातल्या गृहीतकाच्या वर मान दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने बजावलं की आईवडिलांच्या भांडणात मुलाची अशी चाचणी सरसकट करायची नाही, मुलालाही खासगीपणाचा हक्क आहे. हा दुसरा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

सरकारी मोहिमेचे आकडेही डोळे दिपवणारे आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली. तीन वर्षांत १७ राज्यांतल्या चाळिशीच्या आतल्या सात कोटी माणसांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा संकल्प. सात कोटींना तीन वर्षांच्या दिवसांनी भागा: रोज ६४ हजार माणसं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींवर तपासण्या झाल्या होत्या. त्यांत दोन लाखांहून जास्त रुग्ण आणि सोळा लाखांहून जास्त वाहक सापडले. हे काम कुणी केलं? चढउताराच्या पायवाटा तुडवणाऱ्या आशा, एएनएम आणि लॅब टेक्निशियन यांनी. यामागे आधीच्या माणसांची पुण्याई आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांचे पालक एकत्र आणून सिकलसेलचा प्रश्न सरकारदरबारी लावून धरला, २०१८ मध्ये त्यांचं नाव पद्मश्रीच्या यादीत आलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी हायड्रॉक्सीयुरियाचा भारतीय मुलांवरचा परिणाम अभ्यासला. या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात, पण ती रोज घ्यावी लागते आणि रक्त वरचेवर तपासावं लागतं. बैहरच्या घाटावरून बालाघाटला उतरून पुन्हा चढणाऱ्या माणसासाठी हे 'वरचेवर' फार महाग पडतं.

महागाईचा दुसरा टोकाचा आकडा अमेरिकेतला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे सिकलसेलसाठी क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांवर. तपासणीला माणशी शंभर रुपये धरले, तर एका रुग्णाच्या त्या पैशांत अठरा लाख माणसं तपासून होतात, २०११ चा अख्खा बालाघाट जिल्हा आणि वर लाखभर. भारतातही सीएसआयआरच्या दिल्लीतल्या संस्थेने क्रिस्परचा स्वदेशी उपचार तयार केला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला 'बिरसा १०१' हे नाव मिळालं, आणि तो पुढे नेण्याचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आहे. तो खरोखर बैगा वस्तीपर्यंत परवडेल अशा भावात आला, तर आपल्या विज्ञानाची ती मोठी कमाई असेल.

पण २०४७ च्या संकल्पाबद्दल एक हिशोब कुणी फारसा मांडत नाही. समजा, आजपासून एकाही सिकलसेलग्रस्त माणसाला मूल झालं नाही, तरी ज्या समाजात दहातलं एक अक्षर बदललेलं आहे तिथे ते प्रमाण निम्म्यावर यायला दहा पिढ्या लागतात, अडीचशे वर्षं. आणि कार्ड जुळवून लग्नं केली तर तेवढंही होत नाही. आजारी मुलं जन्मत नाहीत, पण वाहकांची टक्केवारी पिढ्यान्‌पिढ्या जिथल्या तिथे राहते, कारण ते अक्षर मुलांबरोबर मरत नाही, वाहकांकडून वाहकांकडे जात राहतं. म्हणजे निर्मूलन करायचं ते आजाराचं, अक्षराचं नव्हे; आणि ज्या वर्षी तपासणी थांबेल, त्याच्या पुढच्या वर्षापासून त्या २२-२३ लग्नांतून पुन्हा आजारी मुलं जन्मू लागतील. २०४७ साली बैहरच्या आश्रमशाळेत बसणारी मुलं अजून जन्मायची आहेत. त्यांच्यातही शंभरात तितकेच वाहक असणार. त्यांचंही बोट टोचावं लागेल, मुलांचं आणि मुलींचं सारखंच, आणि रिपोर्टचा अर्थ त्यांना गोंडीत, पोवारीत, मराठीत, हिंदीत शांतपणे समजावणारं माणूस तेव्हाही पगारावर असावं लागेल.